त्रास कुणाला होतो, त्यावर ठरतं : बायकांमधला एडीएचडी का सुटतो

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवता न येणं, चळवळेपणा आणि उतावळेपणा यांच्या विकाराचं, निदान व्हायला आधी कुणीतरी वैतागावं लागतं. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण घडतं तसंच. तिसरीतला मुलगा बाकावरून उठून वर्गभर हिंडतो, शेजारच्याची पट्टी मोडतो, बाई शिकवत असताना मध्येच ओरडतो. बाई वैतागतात, वडिलांना शाळेत बोलावणं जातं, वडील चिडतात, दोन-चार फटके होतात, आणि त्यानेही फरक पडेना की कुणीतरी म्हणतं, ‘एकदा मिरजेला दाखवून या.’ सांगली जिल्ह्यात कुठल्याही न कळणाऱ्या दुखण्याचा शेवटचा थांबा मिरज.

त्याच वर्गात खिडकीशेजारच्या बाकावर एक मुलगी बसलेली असते. तिचंही लक्ष फळ्यावर नसतं. बेरीज तिला येते, पण हातचा धरायचा राहतो. गृहपाठ केलेला असतो, वही घरी राहते, आणि वही राहिली म्हणून ती रडते. पण ती वर्गात गोंधळ घालत नाही. प्रगतिपुस्तकावर बाई लिहितात, ‘हुशार आहे, लक्ष दिल्यास आणखी प्रगती करेल.’ खाली पालकांची सही होते आणि पुस्तक शाळेत परत जातं. हिला मिरजेला न्यावं असं कुणाच्या मनात येत नाही, कारण हिच्यामुळे कुणाचं काही अडलेलं नसतं. जे काही अडतं ते तिचं एकटीचं.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. एडीएचडी आपण आजवर दुसऱ्यांना होणाऱ्या त्रासावरून मोजत आलो. ज्यांचा त्रास स्वतःलाच होतो, त्या मोजणीतून सुटल्या. त्यात बायका सगळ्यात जास्त.

मुळात हे आहे काय

एडीएचडी हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. लहानपणापासून असतो, मोठेपणी रूप बदलतो, पण बऱ्याच जणांमध्ये पूर्ण जात नाही. यात लक्ष कमी असतं हा समज अर्धाच खरा. रात्री मोटर लावून उसाला पाणी देणाऱ्यांना हे चटकन कळेल. विहिरीला पाणी भरपूर आहे, मोटर जोरात चालू आहे, पण दारं धरायला माणूस जागेवर नाही. मग एका सरीत गुडघाभर पाणी आणि शेजारची सरी कोरडी ठणठणीत. एडीएचडीत पाणी कमी नसतं. ते कुठे किती वेळ सोडायचं आणि कधी मोडून पुढच्या सरीत घ्यायचं, हे काम जमत नाही. म्हणून हीच बाई रात्री दोनपर्यंत भान हरपून रांगोळीची नक्षी काढू शकते, आणि हिलाच दोन ओळींचा अर्ज लिहायला तीन आठवडे लागतात.

हे दारं धरण्याचं काम मुख्यतः कपाळामागचा मेंदू आणि त्याला जोडलेली जाळी करतात, आणि त्यांना डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं लागतात. कामाला हात घालणं, हातातलं काम अर्धवट न सोडणं, दोन-तीन गोष्टी एका वेळी डोक्यात धरणं, किती वेळ गेला याचा अंदाज, तोंडावर आलेलं वाक्य गिळणं, हे सगळं त्यातच आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूची चित्रं अनेक वर्षांत पुन्हा पुन्हा काढून पाहिली. मेंदूच्या वरच्या थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी शिखराला पोचत होती, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी. वाढ होते त्याच क्रमाने, पण उशिरा.

यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो सरासरी ७४ टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला बहुतेक भाग जन्मतः आलेला असतो. आईने लाड केले, आई नोकरीला गेली, मोबाइल दिला, अशा कारणांनी एडीएचडी होत नाही. ही यादी नीट वाचली तर प्रत्येक कारणात दोषी आईच आहे, हेही जाता जाता बघून ठेवा.

जगभरात साधारण ५ टक्के मुलांना आणि अडीच टक्के मोठ्यांना एडीएचडी असतो असा अंदाज आहे. चाळीसच्या वर्गात सरासरी दोन. दवाखान्यात येणाऱ्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींच्या कितीतरी पट असते. पण दवाखान्याबाहेर, वस्तीत जाऊन तपासलं तर हे अंतर बरंच कमी होतं, आणि मोठ्या माणसांमध्ये तर स्त्री-पुरुष जवळजवळ बरोबरीने येतात. मुलींना वयात आल्यावर अचानक एडीएचडी होत नाही. तो होताच. दवाखान्यापर्यंत पोचला नव्हता.

मुलग्यांच्या मापाने बेतलेलं

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांविषयी व्याख्यानं दिली. बुद्धीत कमी नसलेली, पण स्वतःला आवरू न शकणारी, हट्टी, उतावळी मुलं. त्यांत मुलगे जास्त होते. पुढची कित्येक दशकं या दुखण्याचं चित्र तेच राहिलं : स्वस्थ न बसणारा मुलगा. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं की लक्षाची अडचण चळवळेपणाशिवायही असू शकते. खिडकीशेजारची मुलगी कागदावर आली ती तेव्हा. म्हणजे तिला कागदावर यायलाच पाऊणशे वर्षं लागली. त्यानंतरही लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत अशी अट होती. मुलींना ती फार जाचक होती, कारण पहिली-दुसरीत पाठांतर आणि सुवाच्य अक्षर यांवर त्यांचं भागून जातं. २०१३ साली ही अट १२ वर्षांपर्यंत आणली.

इथे एक गंमत सांगते. एडीएचडीवर सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं औषध मिथाइलफेनिडेट. ते १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. त्याच्या बायकोचं घरगुती नाव रीटा, तिला म्हणे टेनिस खेळण्याआधी हे घेतलं की तरतरी यायची. म्हणून औषधाचं नाव ठेवलं रिटालिन. नाव बाईचं, आणि पुढे वर्षानुवर्षं दिलं गेलं ते मुख्यतः मुलग्यांना.

निदानाच्या यादीत एकूण १८ लक्षणं आहेत, ९ लक्षाची आणि ९ चळवळेपणाची व उतावळेपणाची. लहान मुलांत एखाद्या गटातली किमान ६ लागतात, सतराव्या वर्षापासून पुढे ५ पुरतात. यादीतला चळवळेपणा म्हणजे पळणं, चढणं, जागेवरून उठणं. मुलीला तसं करू देतो कोण? ‘मुलीच्या जातीने’ म्हटलं की ती बसते. मग चळवळ आत शिरते किंवा जिभेवर येते. पाय हलत राहतो, पदराच्या टोकाशी चाळा चालतो, बोलणं थांबत नाही, दुसऱ्याचं वाक्य ही पुरं करते. रात्री अंग दमलेलं असतं आणि डोकं मात्र चालूच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बडबडी आहे झालं.

शिक्षकांवरही अभ्यास झालेत. एकसारख्या वर्तनाची वर्णनं देऊन, काहींत मुलाचं आणि काहींत मुलीचं नाव घालून विचारलं, तर शिक्षक मुलाला तज्ज्ञाकडे पाठवायला जास्त तयार होतात. आपल्याकडे यावर एक सोय आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात, आणि त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. पण पथक येतं तेव्हा एका दिवसात सगळी शाळा उरकायची असते. दात, डोळे, रक्त कमी, वजन कमी. बाकीचं गुरुजींनी किंवा बाईंनी सांगितलं तरच कळणार, आणि त्या नावं सांगणार ती वर्गाला त्रास देणाऱ्यांची.

झाकून नेणं

मुली झाकतात. हे कुणी शिकवत नाही, पण बोलणी खाऊन खाऊन येतं. दप्तर तीन-तीनदा तपासायचं. मैत्रिणीची वही बघून आपली पुरी करायची. समोरचा काय बोलला ते निसटलं असेल तर हसून मान डोलवायची. उशीर होतो म्हणून तासभर आधी जाऊन बसायचं. बाहेरून ही मुलगी उलट फार काटेकोर वाटते. पण दुसरीला जे काम सहज जमतं त्याला हिला दुप्पट जोर लागतो, आणि हा जोर लागतो हे तिलाही माहीत नसतं. तिला वाटतं सगळ्यांनाच लागत असेल, बाकीच्या कुरकुर करत नाहीत एवढंच.

माझ्या मावसबहिणीला इथे सुमन म्हणू. तासगाव तालुक्यात दिलेली, घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. तिला विचारून लिहिते आहे. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, सुकायला पंधरा दिवस लागतात, आणि नेमकं याच दिवसांत आभाळ भरून येतं. तेव्हा सुमनला बघावं. एका हाताने फोनवर मजूर गोळा करते, दुसऱ्या हाताने ताडपत्रीची दोरी ओढते, कुठल्या जाळीवरचा माल ओला आहे आणि कुठला उतरवण्याजोगा झालाय हे तिला न बघता माहीत असतं. रात्रभर जागी. सकाळी सगळ्यांना चहा. त्या रात्री तिच्यासारखं डोकं घरात कुणाचं चालत नाही, हे तिचा नवराही कबूल करतो.

आणि जूनमध्ये हीच सुमन सोसायटीचा कर्जाचा हप्ता विसरते आणि व्याजाची सवलत हातची जाते. पोराचा नवोदयचा फॉर्म भरायचा राहतो. लाइट बिलाला दरवेळी दंड. फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या तीन जुड्या, कारण प्रत्येक बाजाराला वाटतं की घरात नाही.

सासूबाईंचं म्हणणं, ‘मनात आणलं की सगळं येतंय हिला.’ म्हणजे जे होत नाही ते मुद्दाम. एडीएचडी असलेल्या बाईला सगळ्यात जास्त मारक ठरतं ते हेच. संकट डोक्यावर असलं, काम नवं असलं, आवडीचं असलं, फळ लगेच दिसणार असलं की तिच्या मेंदूला हवं तेवढं इंधन मिळतं. लाइट बिलात यातलं काहीच नाही. पण अवकाळीच्या रात्री केलेला पराक्रम पुढे वर्षभर तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो.

आता घरातलं काम कसलं असतं ते बघा. शाळेत तासाची घंटा असते, कारखान्यात भोंगा असतो. घरात घंटा नाही, शेवट नाही, प्रत्येक काम क्षुल्लक, आणि केलेलं कुणाला दिसत नाही, राहिलेलं तेवढं दिसतं. गॅस संपत आलाय, धाकट्याचं डोस राहिलंय, गौरींना सवाष्ण सांगायची आहे, जाऊबाईंच्या भावाचं लग्न आहे तर आहेर, दूध तापत ठेवलंय. ही कामं हातांची कमी आणि ध्यानात ठेवण्याची जास्त. एडीएचडीत नेमकी जी गोष्ट कमकुवत असते, तिचीच नोकरी आपण बाईला लग्नात देतो, आणि ती तिला जन्मतःच येत असणार असं धरून चालतो. नवरा विसरला तर तो ‘कामाच्या व्यापात’, बायको विसरली तर ती वेंधळी.

म्हणूनच बऱ्याच बायकांचं गाडं माहेरी आणि शाळेत ठीक चाललेलं असतं आणि नंतर घसरतं. माहेरी आई उठवते, डबा हातात देते, ‘वही घेतलीस का’ विचारते. आईचं डोकं उसनं असतं तोवर भागतं. बारावीनंतर वसतिगृह, मग लग्न, मग पहिलं मूल. एकेक टेकू निघत जातो आणि ओझं वाढत जातं. स्वीडनमधल्या स्टॉकहोम भागातल्या ८५ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुषांना एडीएचडीचं निदान सरासरी साडेएकोणिसाव्या वर्षी झालेलं दिसलं, बायकांना साडेतेविसाव्या. ही त्या देशाची गोष्ट, जिथे मानसिक आरोग्याच्या सोयी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

चुकीच्या दारात

तोवर ती डॉक्टरांकडे गेलेली नसते असं नाही. झोप लागत नाही, धडधडतं, सारखं रडू येतं, थकवा जात नाही, म्हणून जाते. टेन्शन घेऊ नका असं सांगून गोळ्या मिळतात, किंवा नैराश्याचं, चिंतेचं निदान होतं. ते खोटं असतंच असं नाही. एडीएचडीसोबत चिंता आणि नैराश्य बऱ्याचदा असतं, आणि वर्षानुवर्षं ‘तुला एवढंही जमत नाही’ ऐकल्यावर नैराश्य न आलं तरच नवल. पण खालचं मूळ तसंच राहिलं की वरची गोळी अर्धवट लागू पडते. सुमनचंही असंच झालं. नैराश्याच्या गोळ्या चालू-बंद, चालू-बंद. शेवटी धाकट्याला शाळेने तज्ज्ञाकडे पाठवलं, डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक विचारत होते, ही उत्तरं देत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला म्हणाली, ‘हे तर माझंच झालं की.’ बऱ्याच बायकांचं निदान असंच मुलाच्या केसपेपरवरून सुरू होतं. आनुवंशिकता लक्षात घेतली तर ते आश्चर्याचं नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. चाव्या विसरल्या, दूध उतू गेलं, एका रीलमधली पाच लक्षणं जुळली, म्हणून एडीएचडी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असलं तरी डोकं चालत नाही, थायरॉइड मंद असलं तरी विसरायला होतं, आणि वर्षाचं मूल रात्री चारदा उठवत असेल तर कुणाचंही लक्ष लागणार नाही. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघून घ्यावं, झोपेचा हिशेब मांडावा. फरक ओळखायची मोठी खूण म्हणजे लहानपण. एडीएचडी तिशीत नव्याने उगवत नाही. तो दुसरी-चौथीतही होता का, आणि घरात, कामावर, पैशाच्या व्यवहारात, अशा एकाहून जास्त ठिकाणी नडतो का, हे बघावं लागतं.

पाळीचा संबंध हा आणखी एक राहून गेलेला विषय. इस्ट्रोजेन हे संप्रेरक डोपामिनच्या कामावर परिणाम करतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत ते खाली येतं, बाळंतपणानंतर एकदम कोसळतं, पाळी जाण्याच्या वयात वर-खाली होत राहतं. त्या त्या वेळी लक्ष आणखी विस्कटतं, चिडचिड वाढते, नेहमीची गोळी लागल्यासारखी वाटत नाही, असं अनेक बायका सांगतात. यावर संशोधन आता कुठे जोर धरतंय. चाळीस-पंचेचाळिशीत पहिल्यांदाच डॉक्टरांकडे येणाऱ्या बायका असतात, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. इतकी वर्षं कसंबसं ओढत आणलेलं असतं, ते या वयात पेलेनासं होतं.

हे सगळं वाचून ‘एवढं काय, थोडी विसरभोळी असते बाई’ असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या स्टीफन हिनशॉ यांनी एडीएचडी असलेल्या १४० मुली आणि नसलेल्या ८८ मुली यांचा लहानपणापासून पाठपुरावा केला. त्या ऐन तारुण्यात आल्यावरचे निष्कर्ष २०१२ साली आले. लक्षाची अडचण आणि चळवळेपणा दोन्ही असलेल्या मुलींपैकी २२ टक्के जणींनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. एडीएचडी नसलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. स्वतःला इजा करून घेणंही त्यांच्यात खूप जास्त. दुसऱ्याला त्रास देत नाहीत म्हणून सुटलेल्या मुली स्वतःला कुठवर त्रास देतात, हे त्यातून दिसतं. घरात अशी भाषा कानावर आली तर निदान वगैरे नंतर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

दाखवायचं कुठे, आणि पुढे काय

निदान मनोविकारतज्ज्ञ करतात. रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा फोटो काढून एडीएचडी कळत नाही, तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर उठून या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, इथून सुरुवात करता येते. खासगीत जायचं तर आधी फोन करून विचारा, ‘मोठ्या माणसांचा एडीएचडी बघता का?’ सगळेच बघत नाहीत, आणि नीट निदानाला दहा मिनिटं पुरत नाहीत. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर न्या. लहानपणचं सांगू शकेल अशी आई, मावशी किंवा थोरली बहीण सोबत असेल तर फार उपयोग होतो. नवऱ्याला बरोबर न्यायचं की नाही ते बाईने ठरवावं. काही नवरे उत्तरं चांगली देतात, काही तिथेही तक्रारींची यादी वाचतात.

लग्न ठरायचं आहे, लोक काय म्हणतील, म्हणून पुष्कळ जणी जातच नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. अर्थात कायदा कागदावर आणि तासगावचा एसटी स्टँड रस्त्यावर. कोण कुठल्या दवाखान्यातून बाहेर पडलं हे स्टँडवर कळतंच, हेही मी इथेच राहत असल्याने जाणून आहे.

औषधं दोन तऱ्हेची. मिथाइलफेनिडेट लवकर काम करतं, त्याच दिवशी फरक जाणवू शकतो. भूक मंदावते, झोप उशिरा येते, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढू शकतो, म्हणून तपासून देतात. हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच. खेड्यातल्या बाईला महिन्याची एक फेरी त्यातच जाते. दुसरं ॲटोमोक्सेटिन, याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दिवस राहिले असतील, राहायचे असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. स्वतःच्या मनाने ना चालू करायचं ना बंद. सगळ्यांना औषध लागतंच असं नाही, आणि नुसत्या औषधाने घराची घडीही बसत नाही.

घडी बसवायचा नियम साधा आहे : डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, बाहेर काहीतरी बांधून ठेवायचं. आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या ती याचसाठी. आता फोनचा गजर आहे. पण तो ‘बिल भर’ असा लावला तर ती बंद करून विसरते, ‘आत्ता उठून कपाटातलं बिल टेबलावर ठेव’ असा लावला तर उठते. डाळी, कडधान्यं काचेच्या बरण्यांत, कारण डब्यात गेलेली वस्तू डोळ्याआड आणि डोळ्याआड गेलेली वस्तू नसल्यात जमा. कंटाळवाणं काम एकटीने करायचं नाही. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे करायला गल्लीतल्या चौघी जमतात तेव्हा हिचेही हात झरझर चालतात, एरवी तेच पीठ झाकून तसंच राहतं. शेजारी कुणी आपलं काम करत नुसतं बसलेलं असलं तरी एडीएचडीत काम पुढे सरकतं, आणि समुपदेशकही ही युक्ती सांगतात. कपड्यांच्या घड्या असोत वा बचत गटाची वही, एकीला सोबत बसवावं.

आणि वाटणी बदलावी. सुमनच्या घरी आता लाइट बिल आणि सोसायटीचा हप्ता नवऱ्याच्या खात्यातून आपोआप जातो, शाळेचे निरोप तोच बघतो. शेड, मजूर आणि व्यापाऱ्याशी भाव करणं सगळं सुमनकडे, आणि त्यात ती त्याच्यापेक्षा चार पैसे जास्तच आणते. गोळी चालू आहे, महिन्याला मिरजेची खेप आहे. सासूबाईंचं मत विचाराल तर गोळीने काही झालेलं नाही, पोरगी आता वयानं शहाणी झाली. सुमन त्यावर वाद घालत नाही.